सगुणाची ओवी

नार्व्याच्या सत्यवतीला ओवी सुचली नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी जात्याला हळदकुंकू लावायचं आणि दळता दळता घरातल्या मेलेल्या माणसांना ओवीतून बोलवायचं, ही त्या घरची रीत. ज्याची ओवी नाही त्याला बोलावणं नाही. विधवा म्हणून सत्यवतीनं आता जात्याला हात लावायचा नव्हता. पण ओव्या बांधायला मात्र तीच हवी! म्हणून तिला दाराशी बसवलं होतं.

नातीचं, क्षमाचं लग्न. सत्यवतीचा नवरा सगुण जाऊन दोन वर्षं झालेली. त्याची ओवी आज पहिल्यांदाच म्हणायची, आणि बाई ती बांधायलाच तयार नव्हती. कारण काय, तर सासू.

सासूनं जन्मात फूल माळलं नाही, कटकट वाटायची तिला. पण ती गेल्यावर ओवीत जुळलं म्हणून सत्यवतीनं तिच्या केसांत अबोलीचा वळेसर घातला. झालं! आता सारा गाव सांगतो, म्हातारी अबोलीशिवाय दिसायची नाही. गावाचं राहू दे, खुद्द सत्यवतीलाही ती आता वळेसर माळूनच दिसते. खरी सासू गेली ती गेलीच.

सगुणचं तसं होऊ द्यायचं नव्हतं तिला. जेवताना मान खाली घालून हसणारा आपला माणूस ती कुणाला देणार नव्हती. फार जीव होता तिचा त्याच्यावर.

"वयनी, दादाची ओवी येऊ दे गो," नणंद यशोदा म्हणाली.

सत्यवतीनं सूर लावला:

"सगुणाला बोलावणं, क्षमाच्या लग्नाला..."

जातं फिरत राहिलं. पुढची ओळ काही येईना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अर्ध्या ओवीवर माणूस घरात यायचा कसा?

तेवढ्यात केरीहून आलेल्या सत्यवतीच्या लेकीनं, सुमंगलानं, तोंड उघडलं. हिनं आजवर एक ओवी बांधली असेल तर शपथ!

"खांद्यावर घेऊन लेक, गेला जो जत्रेला."

बायकांनी ओळ उचलली, पुन्हा पुन्हा घोळवली. यशोदानं डोळे पुसले. सगुण आला, हे सगळ्यांना पटलं.

सत्यवतीला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. आपला सगुण आपण राखला. पण लेकीचा बाप?

"आई, बरी झाली मगे?" सुमंगला हरखून जवळ आली.

"बरी झाली गो. त्या जत्रेत तुला काय घेऊन दिलं होतं त्यांनी?"

सुमंगला सांगायला गेली, आणि थांबली. जरा वेळ आठवत राहिली.

"खांद्यावर घेतलं होतं," ती म्हणाली.