वरणाचा गंज मागच्या दारी

मी एक जुना जर्मनचा गंज आहे, मित्रांनो. तुमच्या पुस्तकात मला ॲल्युमिनियमचे पातेले म्हणतील, म्हणोत बापडे. आमच्या भीमपुराकडे जर्मनचा गंज म्हटल्याशिवाय मी ओ देत नाही.

माझा कारखाना मला आठवत नाही, ठोकठोक तेवढी आठवते. डोळे उघडले ते आदिलाबादच्या बाजारात, दुकानाच्या दारी दोरीला टांगलेला असताना. तिथून अमृतरावांच्या लग्नात मी त्यांच्या घरी आलो. नव्या सुनेने, जयवंताबाईने, माझ्यात तुरीच्या दाळीचे वरण शिजवले आणि माझे नशीब ठरले. गावात कुठेही पंगत असली की निरोप यायचा, "वरणाचा गंज द्या." माझ्यामागे तिलाही बोलावणे असायचेच. लोक वाटीने वरण प्यायचे. कुणी वाखाणले तर ती म्हणे, "माह्यं काय हाय त्यात, गंजच चांगला हाय." मी आतून चमकायचो. बाहेरून काळाच होतो.

मग एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला. तापाने आतड्याला भोक पडले आणि मोठ्या दवाखान्यात तिचे पोट फाडावे लागले. ती परत आली तेव्हा आतड्याचे एक तोंड पोटावर बाहेर काढलेले होते, लाल कळीसारखे, आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. डॉक्टरांनी सांगितले होते, जखम भरली, कातडी सुधारली, अंगात जीव आला की दुसरे ऑपरेशन करून आतडे आत घालू. तोवर नाही.

तोवर म्हणजे किती, ते कुणीच बोलले नाही.

जखमेवर ठेवायची फडकी उकळायला मोठे भांडे हवे होते. तिच्या सासूने, बयनाबाईंनी, मलाच उचलून मागच्या दारी तीन दगडांच्या चुलीवर ठेवले. असे भांडे आमच्याकडे पुन्हा घरातल्या चुलीवर चढत नाही. मला कुणी तसे सांगितले नाही; मांडणीवरची माझी जागा एका पितळी डब्याला दिली, त्यावरून मी समजलो. जयवंताबाईची बाजही मागच्या पडवीत आली. तिला कुणी बाहेर काढले नव्हते. तीच म्हणाली, "वास येते. मी इथंच बरी."

पिशवी सारखी सुटायची. पातळ मळ कातडीवर उतरायचा आणि पोट सोलून लालबुंद व्हायचे. "मिरच्या वाटून लावल्यावानी करते," ती म्हणे. बयनाबाईंचा जीव तुटायचा. त्या तेलात हळद कालवून मायेने पोटभर लावायच्या. तेलावर पिशवी टिकायची नाही, पुन्हा कातडी सोलायची, पुन्हा हळदतेल. शिवाय पथ्य. कापलेल्या माणसाने दाळ खाल्ली तर जखमेत पू होतो, असे आमच्याकडे पक्के मानतात. म्हणून तिला नुसती भाताची पेज. घरात वरणाला फोडणी बसली की ती बाजेवर उठून बसे. मीही. म्हणजे मी बसलेलाच होतो, पण कळले ना तुम्हाला?

"आत्याबाई, वाटीभर वरचं पाणी तरी द्या ना."

"गप बस वं. पू झाला मंग? आतडं आत नाही घालाचं का तुले?"

बाई वाळत चालली. जखम काही वाळेना.

गावातल्याच देवाजींची लेक ताराबाई सरकारी नर्स होती. ती बौद्ध वस्तीतून येई, आणि तिचा चहाचा कप मागच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. म्हणजे आम्ही तिघे बाहेरचे: मी, जयवंताबाई आणि तो कप.

एके दिवशी तिने पोट पाहिले. "मावशी, हे तेल कोणं लावलं?"

"म्या. काऊन?"

"तेलकट कपाळाले टिकली चिकटते का? उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. मऊ फडक्यानं टिपा, घासू नका. कोरडं झालं की मंगच पिशवी. आन पिशवीचं भोक कळीच्या मापानंच कापा, केवढं भगदाड करून ठेवलं हे!" मग तिने जयवंताबाईचे मनगट धरले. "हिले जेवाले काय देऊन राह्यले?"

"पेज."

"पेजेनं जखम भरन? दाळ द्या, दूध द्या, खात असन तं अंडं द्या. दवाखान्यातून निघताना सांगतेत हे. आयकलं कोणं?"

"दाळीनं पू होते, बाई."

"नाही होत. मी येऊन पाहत जाईन. झालाच तं मले बोला."

त्या दुपारी मागचे दार उघडले आणि बयनाबाई वाटी घेऊन आल्या. वरण दुसऱ्या भांड्यातले होते, तरी वास ओळखीचा.

"खाय. पन हळू खाय."

जयवंताबाई खात होती, आणि बयनाबाई समोर बसून तिच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे पाहत होत्या.

पू झाला नाही. आधी कातडी निवली. जखम मात्र तिच्या चालीने भरत गेली. कापूस वेचून झाला, ज्वारी निघाली, तेव्हा कुठे खपली धरली. मग ती दवाखान्यात गेली आणि पिशवीशिवाय परत आली. काही दिवसांनी मी तिला घरातल्या चुलीपुढे पाहिले. उघड्या दारातून, लांबून.

मी वाट पाहिली. ताराबाईने बजावले होते, "ह्या गंजात आता सैपाक नाही." बरोबरच आहे तिचे, मलाही पटते. पटल्याने काही आठवण जात नाही. आता गावात कुणाचे ऑपरेशन झाले की निरोप येतो, "वरणाचा गंज द्या, फडकी उकळाची हायत." नाव तेवढे तसेच राहिले.

कपाचे बरे झाले. जयवंताबाईने तो कोनाड्यातून उचलला आणि घरातल्या कपांत मिसळून टाकला. कोणता तो, आता बयनाबाईंनाही ओळखू येत नाही. ताराबाई हल्ली चुलीजवळ बसून चहा पिते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची अशी जखम भरायची राहिली असेल, तर पाणी उकळा, हात धुवा, आणि शिकलेल्या नर्सबाईचे ऐका. भांडे बाहेर ठेवलेत तरी चालेल. माणसाला मात्र बाजेवर एकटे ठेवून फोडणीचा वास घ्यायला लावू नका. तो फार लांबून येतो.

मला सोबत नाही असे मात्र नाही. घरात वरण झाले की जयवंताबाई आपले ताट घेऊन मागच्या दारी येते, माझ्या शेजारच्या दगडावर बसते.

"काऊन वं, घरात जागा नाही का तुले?" आतून बयनाबाई ओरडतात.

"हाय ना. पन इथं वारा चांगला लागते."

आणि ती ताट माझ्या बाजूला थोडे कलते धरते.