दोन उम्म शौकी

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ते लोणी खाऊन वर टाळ्याही घेणारा माणूस मात्र एकच पाहिला. त्याचं नाव उस्ताद नज्मी शिनावी.

हे गृहस्थ कैरोत राहतात आणि खुनी माणसांवर पुस्तकं लिहितात. त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचं नाव ‘बारा देश, बारा खाटीक’. एकेक देश, एकेक प्रकरण. कुठे आपल्याच रोग्यांना औषधातून विष देणारा डॉक्टर, कुठे रतीब घालता घालता म्हाताऱ्या हेरणारा दूधवाला, कुठे भाडेकरूंना बागेत पुरणारी विधवा. मी बाराही प्रकरणं वाचली. खोटं कशाला बोलू, माणूस लिहितो चांगलं. दहा प्रकरणं मीसुद्धा लोणच्याच्या बरण्या पुसायच्या सोडून वाचली. परक्या देशातली मेलेली माणसं वाचायला सोपी असतात. अकरावं प्रकरण आमचं होतं, आणि तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचं म्हणजे हमदी दलालाचं. दमिएत्ता हे फर्निचरचं गाव. पोरीचं लग्न ठरलं की खेड्यातली आई हातातल्या बांगड्या घेऊन इथे येते, बांगड्या मोडते आणि पलंग-कपाट घेऊन जाते. हमदी बसथांब्यावर उभा राहायचा. गोड बोलायचा. “मावशी, दुकानदार लुटतील तुम्हाला, थेट कारखान्यात चला,” म्हणायचा, आणि बाईला गल्लीतल्या आपल्या शेडमध्ये न्यायचा. तीन बायका त्या शेडच्या जमिनीत भुशाखाली सापडल्या. बाकीच्या त्याने मंझाला तळ्यात टाकल्या. कोर्टाने पाच खून धरले आणि त्याला फाशी दिलं.

पाच नावं होती कोर्टात. नावं कसली! उम्म फारूक, उम्म सादिक, उम्म शौकी. अमक्याची आई, तमक्याची आई. आमच्याकडे घरंदाज बाई परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगत नाही, थोरल्या मुलाचं सांगते. खुन्यालाही तिने तेच सांगितलं आणि खुन्याने पोलिसांना तेच सांगितलं.

माझ्या थोरल्या भावाचं नाव शौकी. एकतीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाला सव्वा महिना उरला असताना, आमची आई सकाळच्या बसने दमिएत्ताला गेली ती परत आली नाही. मी एकोणीस वर्षांची होते. वडील आधीच गेले होते. गावाने आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी ठरवून टाकलं की विधवा बाई सोनं घेऊन कुणाबरोबर तरी पळाली. नवऱ्या मुलाकडच्यांनी अंगठी परत मागितली. पळालेल्या बाईची पोर कोण करणार? चुलत्याने आईचं नाव घरात काढायचं नाही अशी तंबी दिली. नाव तसंही कुणी काढत नव्हतं.

पुढच्या वर्षी हमदी पकडला गेला तेव्हा उम्म शौकी ऐकून माझ्या काळजात लक्कन झालं. पण त्या उम्म शौकीचे लोक मन्सुऱ्याहून आले, सोन्याच्या दातावरून त्यांनी तिला ओळखलं आणि रडत घेऊन गेले. म्हणजे ती दुसरी. नाईलच्या या काठाला दगड मारला तर कुठल्या तरी उम्म शौकीला लागेल. मी गप्प बसले. त्यांना निदान रडायला मढं तरी मिळालं, असंही मनात आलं, आणि त्याची लाजही वाटली.

आता शिनावींचं पुस्तक. त्यांनी हमदीचा जबाब जसाच्या तसा छापला आहे. त्यात उम्म शौकी दोनदा येते. सुरुवातीला हमदी म्हणतो, उम्म शौकीला तीन आरशांचं ड्रेसिंग टेबल हवं होतं, सोनेरी नक्षीचं. पुढे एक बाई झाल्यावर पुन्हा म्हणतो, उम्म शौकीला कपाट हवं होतं बिनआरशाचं, मला हसूच आलं, नवरीचं कपाट कधी बिनआरशाचं असतं का?

पोलिसांनी ते गडी बरळला म्हणून सोडून दिलं. शिनावींनी सोडलं नाही. त्यांनी त्यावर दोन पानं लिहिली. हमदीने या एका बाईला मनात पुन्हा मारलं, म्हणे. पहिल्या वेळी तीन आरसे, दुसऱ्या वेळी एकही नाही, कारण खुन्याला स्वतःचं तोंड बघवेना.

माझ्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग आहे. सात वर्षांची असताना स्टोव्ह भडकला होता. आमच्या घरात आरसा नव्हता. दमिएत्ताला निघताना आईने माझी वेणी घातली होती आणि म्हणाली होती, “रडू नकोस, तुझ्यासाठी बिनआरशाचं कपाट करायला सांगते. हसले तर हसू देत.”

तो हसला होता.

मी ती दोन पानं पाच वेळा वाचली आणि पुस्तक घेऊन शौकीकडे गेले. शौकी आता बावन्न वर्षांचा आहे, नातवंडं आहेत, मशिदीत पहिल्या रांगेत बसतो. त्याने वाचलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

“जाऊ दे, इन्शिराह. जुनं झालं.”

“जुनं झालं? आई पळाली म्हणून मी जन्मभर लोणची विकली, ते जुनं झालं?”

“लोक विसरलेत. तू कशाला उकरतेस?”

“लोक विसरले असतील. मला अजून हातगाडीवाला अताफी म्हणतो, तुझ्या आईसारखी पळू नकोस, माझे पैसे दे आधी.”

तोंडात मिठाची गुळणी धरायची त्याची सवय जुनीच.

पुढच्या आठवड्यात शिनावी दमिएत्तात येणार असल्याचे कागद भिंतीभिंतीवर लागले. नव्या आवृत्तीसाठी वाचन, लोकांशी गप्पा. मी जाणार म्हटल्यावर शौकीही निघाला. बहिणीला एकटी कशी सोडायची, म्हणाला. मला वाटलं, बिचाऱ्याला माझी काळजी आहे.

तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर सभागृह गच्च भरलं. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका, मधल्या वाटेत चहावाला. शिनावी उंच, पांढरे केस मागे वळवलेले, गळ्यात उन्हाळ्यातही रुमाल. त्यांनी नेमकी तीच दोन पानं वाचायला घेतली. आवाज चढवत, उतरवत. शेवटी पुस्तक छातीशी धरून म्हणाले, “आणि या वेळी हमदीने तिला आरसा फोडून मारलं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्याच गावच्या खुनावर आपलेच लोक टाळ्या वाजवत होते.

मी उभी राहिले.

“उस्ताद, त्याने आरसा फोडला नाही. त्या दोन बायका होत्या.”

“काय म्हणालात, हज्जा?”

“मी हज्जा नाही, अजून काबा पाहिलेला नाही. मला इन्शिराह म्हणा.”

पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. बाई स्वतःचं नाव भर सभेत सांगते म्हणजे काय! शौकी उठून माझ्याजवळ आला आणि त्याने माझं मनगट धरलं. “बस खाली,” तो पुटपुटला. मी हात सोडवला आणि चेहऱ्यावरची ओढणी मागे सारून डावा गाल शिनावींकडे केला.

“बिनआरशाचं कपाट या तोंडासाठी होतं. माझ्या आईने सांगितलं होतं. तिलाही लोक उम्म शौकीच म्हणायचे. तुमच्या खुन्याला स्वतःचं तोंड बघवत होतं का नाही ते तुम्ही जाणा. मला माझं बघवत नव्हतं.”

शिनावी हसले. असं हसले की मला त्यांचा रुमाल आवळावासा वाटला.

“बाई, तुमचं दुःख मला कळतं. माझ्या प्रत्येक पुस्तकानंतर कुणी ना कुणी येतंच, माझा मामा त्यातच गेला, माझी मावशी त्यातच गेली. लोकांना आपलं माणूस गोष्टीत हवं असतं.”

“मला गोष्टीत नको आहे ती. मला ती मेलेल्यांत हवी आहे. पळालेल्यांत नको.”

“मग पुरावा द्या. पोलिसांत तक्रार केली होती?”

“केली होती. तिसऱ्या दिवशी. माझ्या या भावाने.”

“अच्छा.” शिनावींनी चष्मा लावला आणि पिशवीतून एक जाड वही काढली. “हमदीच्या त्या तीन वर्षांतल्या अख्ख्या प्रांताच्या बेपत्ता नोंदी मी बसून उतरवल्या आहेत. लोकांना वाटतं आम्ही हवेत लिहितो. गाव कुठलं तुमचं?”

मी गाव सांगितलं. त्यांनी बोट फिरवत पानं उलटली.

“हे बघा. त्या वर्षी तुमच्या गावातून एक म्हैस हरवल्याची तक्रार आहे. बाई नाही.”

लोक हसले. चहावालासुद्धा हसला. मी म्हटलं, “शौकी, सांग यांना. तू गेला होतास ना?”

शौकी जमिनीकडे बघत होता.

“शौकी!”

“गेलो होतो,” तो म्हणाला.

“ऐकलंत?”

“गेलो होतो,” तो पुन्हा म्हणाला, आणि आता सगळ्यांना ऐकू येत होतं. “हवालदाराने कागद काढला. विचारलं, आईचं नाव काय? बाकावर गावातले चार जण होते. आमचा न्हावी होता. माझ्याबरोबर शिकलेला गलाल होता. शाळेत कुणाच्या आईचं नाव कळलं की वर्षभर त्या नावाने चिडवायचा, तोच तो. मी म्हटलं, लिहा, उम्म शौकी. हवालदार म्हणाला, शौकी तर तू. मी तुझं नाव विचारलं नाही, नव्या नवरीसारखा लाजतोस काय, आईचं नाव सांग. सगळे हसले. मी उठून आलो.”

“उठून आलास,” मी म्हटलं.

“उद्या जाऊ म्हटलं. एकटा असताना.”

“आणि घरी येऊन काय सांगितलंस? पोलीस म्हणाले ती पळून गेली?”

त्याने हाताने तोंड पुसलं.

“पोलीस म्हणाले नव्हते. तू म्हणालास. गाव नंतर म्हणालं. आधी तू म्हणालास.”

“एकवीस वर्षांचा होतो गं मी.”

“हमदीला पकडलं तेव्हा बावीसचा होतास! तेव्हा का नाही बोललास?”

“तेव्हा बोललो असतो तर विचारलं असतं, आधी तक्रार का नाही केलीस. त्या शेडमध्ये तिच्यानंतर...” त्याने वाक्य सोडून दिलं.

मी ते पुस्तक पाच वेळा वाचलेलं होतं. दुसऱ्या उम्म शौकीनंतर हमदीच्या जबाबात आणखी तीन बायका येतात. बसथांब्यावर एखादा पोलीस नुसता उभा राहिला असता, एवढंच.

सगळ्यांची तोंडं उतरली होती. फक्त शिनावींचा चेहरा उजळला होता. ते व्यासपीठावरून खाली उतरले, वही उघडून शौकीसमोर आले आणि खिशातून पेन काढलं.

“सुभानल्ला! सहावी बाई! माणसाला माणूस सापडला की असं होतं. दोन्ही पानं मी नव्याने लिहीन, शब्द देतो. सांगा, उस्ताद शौकी, तुमच्या आईचं नाव?”

मला वाटलं आता हा पळेल. पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी माना खाली घातल्या, दुसऱ्याच्या आईचं नाव कानावर पडू नये म्हणून घालतात तशा.

“लवाहिझ,” शौकी म्हणाला. “लवाहिझ अब्दुलमौला.”

अडखळला नाही. लाजला नाही. एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही त्याला. कुणीही हसलं नाही. शिनावींनी लिहून घेतलं आणि हिज्जे विचारले, तेही त्याने सांगितले.

मी भांडायला आले होते शिनावींशी. ते भांडण मी जिंकले होते. पुस्तकात नाव लागणार होतं, आई पळालेल्यांतून मेलेल्यांत येणार होती, अताफीच्या तोंडावर मी ते पान फेकणार होते. आणि मला त्यातलं काहीच नको झालं होतं.

बाहेर आल्यावर शौकीने गावाकडच्या मायक्रोबसचं दार माझ्यासाठी धरून ठेवलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

“इन्शिराह, आई असती तर तिने मला माफ केलं असतं.”

“केलं असतं,” मी म्हटलं. “आणि तिच्यानंतरच्या तिघींनी?”

त्याने दार सोडलं. मी मागच्या गाडीत जाऊन बसले.