घरटी एक लाकूड

धाऊने माळ्यावरची चार लाकडं खाली काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि त्यातली तीन परत वर ठेवली. उरलेलं ऐनाचं होतं, मांडीएवढं जाड, दोन पावसाळे चुलीच्या धगीवर वाळलेलं. बोटाने वाजवलं तर खणखणत होतं.

"ते घेतील असा वाटतंय तुमाला?" त्याची बायको गोजर उंबऱ्यात बसली होती.

"भाऊ हाय माजा. नको घ्यायला?"

"नऊ साला आपला इस्तव कोनी घेतला नाय. लाकूड घेतील?"

धाऊ उठला. लाकूड खांद्यावर टाकलं आणि निघाला.

पाड्याची रीत जुनी. किन्हवलीच्या पलीकडे, रानाला टेकून ठाकरांची ही बावीस घरं. कोणी मेलं की घरटी एक लाकूड. मागायला कोणी येत नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. बांधावरून डोकी फुटलेली असोत, लाकूड जायचंच. आज धाऊचा थोरला भाऊ बुधू गेला होता. दिवस आश्विनाचे, पाऊस नुकता कुठे उघडलेला. बाहेरचं सगळं जळण भिजलेलं. सुकं म्हणाल तर ज्याच्या त्याच्या माळ्यावर असेल तेवढंच.

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. त्या साली कल्याणकडचे एक महाराज आले आणि पाड्याने पंथ घेतला. खोटं कशाला बोला, पंथाने पाड्याचं भलंच केलं. त्याआधी बुधू दिवसाढवळ्या पिऊन पडायचा आणि उठला की बायकोला, सोमीला, मारायचा. पंथ घेतला आणि दारू सुटली ती सुटलीच. भांड्यांना कल्हई लागली, पोरं शाळेत गेली. पण पंथाचं सांगणं सरसकट होतं: दारू सोडा, कोंबडं सोडा, रानातले देव सोडा. एकवीस घरांनी सोडलं. एकटा धाऊ वाघदेव सोडेना. बापाने मरताना वाघदेवाची राखण धाकट्याच्या हाती दिली होती, कारण थोरला तेव्हा शुद्धीत नसायचा. बापाला दिलेला शब्द मोडायचा कसा, एवढंच धाऊचं म्हणणं. पाडा म्हणाला, मग बस तुझ्या वाघाजवळ. त्या दिवसापासून धाऊच्या घराचं आग-पाणी बंद झालं. जो बदलला नाही तोच वाळीत पडला, आता बोला.

कुपात, म्हणजे रानातल्या तोडीच्या पट्ट्यात, मात्र पंथ चालत नव्हता, तिथे मुकादमाचं चाले. हिवाळ्यात सोसायटीच्या लाकूडतोडीला दोघे भाऊ एकाच करवतीवर असत, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बुधूच्या ओढीला धाऊचीच ओढ जुळायची, म्हणून मुकादमाने जोडी कधी फोडली नाही. भाकरी वेगळी खायची, बोलायचं नाही, करवत ओढत राहायची. पहिल्याच हिवाळ्यात एकदा बुधूने करवत थांबवली होती.

"धाऊ, वाघबारशीला देवाला आमच्या घराचा पन नाव सांगशील?"

"सांगन, दादा."

"घरात कळाया नको."

तेव्हापासून दर वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी, वेशीवरच्या मोहाच्या ढोलीत मूठभर तांदळाची पुरचुंडी असायची. धाऊ ती घ्यायचा, नैवेद्याच्या खिरीत घालायचा, देवापुढे भावाचं नाव घ्यायचा. गोजरलाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

बुधूच्या अंगणात लाकडांची रास पडली होती. धाऊने तिच्यावर नजर टाकली. आयुष्य लाकडात गेलेला माणूस तो. निम्मी लाकडं ओली होती, कळायला हात लावायची गरज नव्हती. त्याने आपलं लाकूड खाली टेकवलं.

बुधूचा मुलगा हनुमान पुढे आला. वाशिंदच्या कारखान्यात कामाला जाणारा, गुरुवारचा सत्संग चालवणारा. लहानपणी वाघबारशीची खीर खायला हा धाऊच्याच खांद्यावर बसून जायचा.

"काका, तुमी बसा. पन लाकूड नका टाकू."

"घरटी एक हाय रे, हनुमान."

"ज्या घरात कोंबडा कापतात त्या घरचा चालत नाय. तुमाला ठाव हाय."

"सुका हाय. तुमची बघ, धुमसत ऱ्हातील."

हनुमानाचे डोळे लाल झाले होते. त्याने आवाज चढवला नाही. "काका, पंथ नसता तर बाप माजा तवाच मेला असता. माजी आई पन मेली असती. बापानी नऊ साला पंथ पाळला. एक दिस चुकला नाय. आता जाताना मी चुकू?"

धाऊच्या जिभेवर शब्द आला होता. मोहाची ढोली, नऊ पुरचुंड्या. एवढं म्हटलं असतं तर हनुमानाचं तोंड बंद झालं असतं, आणि कदाचित लाकूडही गेलं असतं. पण मग ताटीवरच्या माणसाकडे सगळा पाडा कोणत्या नजरेने बघणार होता? धाऊने भिंतीशी बसलेल्या सोमीकडे पाहिलं. तिची मान खाली होती.

"नाय चुकला," धाऊ म्हणाला. "खरा हाय तुजा."

त्याने लाकूड उचलून खांद्यावर घेतलं आणि आल्या वाटेने परत गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार.

दुपारी ओढ्याकडून धूर उठला. जाड, पांढरा, जमिनीला धरून राहणारा धूर. धाऊ अंगणात उभा राहून बघत राहिला.

"रॉकेल वततात," गोजर म्हणाली.

"वतू दे. ओला त्यानं पेटत नाय."

दिवस कलला तरी धूर थांबेना. तेव्हा धाऊ मटकन खाली बसला आणि रडला. भाऊ गेला म्हणून रडू येत होतं की भाऊ असा धुमसत होता म्हणून, त्याचं त्यालाच कळेना. गोजरने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ऐनाचं लाकूड आत नेऊन भिंतीला उभं केलं.

पंधरा दिवसांनी वाघबारस आली. आदल्या दिवशी काही कारण नसताना धाऊचे पाय मोहाकडे वळले. सवय, दुसरं काय. झाडाखाली सोमी उभी होती. हातात पुरचुंडी, तीच गाठ, दर वर्षीची.

"वैनी, तुला ठाव व्हता?"

"गाठ कोन मारीत व्हता मंग? त्यांना कवा गाठ मारता आली?" तिने पुरचुंडी पुढे केली. "त्या दिशी तुमी बोलला नाय. मी आयकत व्हते, भावजी. आता बोलाल, मंग बोलाल, असा वाटत व्हता."

धाऊने पुरचुंडी घेतली. "दादाचा नाव आता घेता यायचा नाय. वाघाला जित्यांचाच नाव सांगतात."

"म्हाइत हाय." सोमीने पदराने तोंड पुसलं. "हनुमानाचा सांगा. पाहाटं अंधारात रानातून जातो तो, एसटी धराया."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघदेवापुढे धाऊ आणि गोजर दोघंच होती. शेंदूर लावून झाला. तीन दगड मांडले, वर खिरीचं भांडं ठेवलं. धाऊने घरून आणलेलं ऐनाचं लाकूड कुऱ्हाडीने चिरलं आणि दगडांमध्ये सारलं. गोजरने एकदा त्याच्याकडे पाहिलं. सोमीचे तांदूळ भांड्यात पडले.

धाऊने हात जोडले आणि पुतण्याचं नाव घेतलं. हनुमान, बुधूचा. वाटेत असंल, राखन कर.

लाकूड चांगलं सुकलेलं होतं. एका काडीत पेटलं आणि शेवटपर्यंत धूर असा झालाच नाही.