गैरहजर सभासदाची हजेरी

कलम पहिलं

फिलाडेल्फियात माझी खानावळ आहे, वर भाड्याच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत आमच्या विधानसभेचे सभासद एबेनेझर मॅकलर्ग राहत. इंग्रजांच्या राजाला हाकलून आम्ही तेरा राज्यांनी जो कारभार थाटला, तो असा: तेरा भाडेकरू, एक छप्पर, आणि छप्पर गळतंय हे तेराही जणांनी कबूल केल्याशिवाय एक फळी बदलायची नाही. बारा जण भिजत असायचे, तेरावा म्हणायचा, "मला तर कोरडं वाटतंय." संपलं. याला आम्ही स्वातंत्र्य म्हणत होतो.

कलम तिसरं (दुसरं गैरहजर आहे)

आता नवी राज्यघटना आली होती. ती स्वीकारायची का, हे ठरवायला आमच्या राज्यात परिषद बोलवायची होती, आणि त्यावर आजच विधानसभेत मतदान होतं. संध्याकाळी विधानसभेची मुदत संपत होती.

मॅकलर्गसाहेबांचा विरोध होता. पण उभं राहून विरोध करायचा म्हणजे मुद्दे लागतात. त्यांच्या पक्षानं सोपी रीत काढली होती: सभेला जायचंच नाही. माणसं पुरेशी नसली की मतदान होत नाही. आज एकच माणूस कमी पडत होता.

तो माझ्या कोठीत, टांगलेल्या मांसाच्या तंगड्यांमध्ये उभा होता.

"फेंटनबाई, कुणी विचारलं तर मी नाही."

"सभेत तरी तुम्ही कधी असता, साहेब?"

"चेष्टा नको. दिवस मावळेपर्यंत मी दिसलो नाही, तर देश वाचला."

"मग जरा आत सरका. देशाचं कोपर माझ्या लोण्यात जातंय."

कलम चौथं, कडी तुटलेलं

जनता आली. जनता दार वाजवत नाही, तोडते. पुढे पिंपं बनवणारा ओबेड रस्क.

"कुठंय तुमचा पुढारी, बाई?"

"गावाला गेलाय."

कोठीतून खणखणीत आवाज आला, "हो, कालच गेलोय!"

भाषणाची सवय वाईट. चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचललं आणि नव्या घटनेच्या, कायद्याच्या राज्याच्या जयजयकारात सभागृहाकडे नेलं. मीही निघाले. असा तमाशा फुकट कुठे मिळतो?

कलम पाचवं

त्यांना खुर्चीत आदळलं. दारात रस्क आडवा उभा राहिला.

"मला जबरदस्तीनं आणलंय! मी हजर नाही!" मॅकलर्गसाहेब ओरडले.

कारकुनानं लिहिलं: हजर.

"अहो, हजर काय लिहिताय? मी नाही म्हणतोय ना!"

"गैरहजर सभासदाला बोलता येत नाही, साहेब," कारकून म्हणाला. "तुम्ही तर मघापासून बोलताय."

"मग मला जाऊ द्या!"

सभापतींनी चष्मा पुसला. "परवानगी सभेनं द्यायची असते. त्यावर मत घ्यावं लागेल. मत घेण्याइतके सभासद आहेत का?"

कारकुनानं मोजले. होते. मॅकलर्गसाहेबांना धरून.

"यांना जाऊ द्यावं, असं कुणाला वाटतं?"

मॅकलर्गसाहेबांचा हात वर गेला. त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या बाजूनं हात वर करणारी पक्षाची माणसं पुष्कळ होती. पण ती सगळी आपापल्या कोठीत देश वाचवत होती.