गेणबाचे रक्त नेणारा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे, पण चहाचा नव्हे. माझ्या पोटात चहाचा थेंबही कधी पडला नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने मला घेतले ते आजाऱ्यांचे रक्त बर्फात ठेवून आणण्यासाठी. तिथला रावजी मला खांद्याला अडकवून एस.टी.ने गावोगाव हिंडे. "लाखमोलाचा गडी हाय ह्यो," असे तो म्हणे, आणि मी फुगून जाई. रिकामी फुशारकी, दुसरे काय!

१९५८ चा उन्हाळा होता. पणदऱ्याचा गेणबा तापाने फणफणला होता. म्हशीच्या अंगावरचे गोचीड तो रोज नखाने चिरडायचा. गोचिडांमुळे येणाऱ्या तापाबद्दल रावजीने नुकतेच ऐकले होते. त्याने गेणबाचे रक्त काचेच्या नळीत घेतले, बूच लावले आणि नळी माझ्यातल्या बर्फात ठेवली. प्रयोगशाळेत ते रक्त उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना टोचत. पिल्ले आजारी पडली, तर विषाणूचा माग लागे; पण वाटेत रक्ताला ऊब लागली, तर त्यातला विषाणू मरून जाई. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन दोन्ही ताडून पाहत. औषध नव्हतेच; पण तापाचे नाव कळले असते, तर घरातली बाकीची माणसे सावध झाली असती.

गाडीला अवकाश होता. "वैनी, ह्याला हात लावू नका," एवढे बजावून रावजी शेजारच्या वस्तीवर दुसरा आजारी बघायला गेला. का लावू नये, ते सांगायचे राहून गेले.

गेणबाची बायको सारजा माझ्यापाशी आली. तिने झाकण उघडले, नळीला बोट लावले आणि चटकन मागे घेतले.

"आगं आई! जित्या माणसाचं रगत बर्फात? अंग गार पडंल की ह्यांचं!"

तिने नळी फडक्यात गुंडाळून चुलीतल्या ऊन राखेवर ठेवली आणि दुपारभर तिथेच बसून राहिली. रावजीची चाहूल लागताच नळी पुन्हा माझ्यात आली. मी सारे पाहिले होते, पण थर्मासाला तोंड असून बोलता येत नाही.

पुण्यात पिल्ले टुणटुणीत राहिली. कागदावर लिहिले गेले, 'काही आढळले नाही.'

तीन आठवड्यांनी आम्ही दुसरे रक्त घ्यायला गेलो, तेव्हा गेणबाचा तेरावा आदल्या दिवशीच झाला होता. सारजा गोठ्यात होती. म्हशीचे गोचीड नखाने चिरडत होती.

"भाऊ, चूक माजी हाय," ती म्हणाली. "दुपारभर ऊब दिली हुती त्या रगताला. तुमच्या भ्यानं परत बर्फात ठिवलं. न्हाय ठिवायला पायजे हुतं."

रावजीने मला खाली ठेवले. तिची खरी चूक त्याला कळली, आणि स्वतःचीही. मग तो म्हणाला, "वैनी, गोचीड हातानं मारू नका."

"का?" तिने विचारले.

त्याच्या खिशात 'काही आढळले नाही' असा तो कागद होता; गोचिडांवर बोट ठेवायला पुरावा उरला नव्हता. खिशावर हात ठेवून तो उठला. मला उचलून चालू लागला.

मित्रांनो, माझी काच कधीच फुटली, मला आता जपून उपयोग नाही. पण कुणाला 'हात लावू नका' म्हणाल, तेव्हा का ते सांगा. सारजाने दोन बोटांत धरलेला गोचीड मला अजून दिसतो.