पांढऱ्यावर पांढरं

पेला उचलला, त्याखालची अळंबीची टोपी बाजूला केली, आता हा कोरा कागद टाकून द्यावा म्हणून तो केराच्या डब्याकडे वळला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतलं तिरपं ऊन कागदावरून सरकलं तेव्हा त्याला दिसलं — कागदावर, कागदाच्याच रंगात, एक चाक उमटलं होतं. बारीक आऱ्यांचं, पिठासारखं. त्यानं बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं.

पांढरं... म्हणजे गुलाबी नाही.

बाहेरच्या खोलीत मेहुणा ताटलीतलं उरलंसुरलं लोणी पावानं पुसत होता. त्याचा आवाज इथपर्यंत येत होता, समाधानाचा.

रानातून अळंबी आणायच्या या छंदाचा सगळा डोलारा एवढ्यावरच तर उभा होता : एक टोपी रात्रभर कागदावर ठेवायची, वर पेला झाकायचा, सकाळी तिची भुकटी खाली सांडलेली असते. तो आणायचा त्या जातीची भुकटी गुलाबी. तिची एक जुळी बहीण आहे, चेहरामोहरा तोच, भुकटी पांढरी, आणि तिचा स्वभाव असा की पोटात गेल्यावर कितीतरी तास गप्प बसते, पाहुणीसारखी, आणि मग आतून घर पोखरते. म्हणून कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यायचा. काळा कागद संपला होता. संपला तर संपला, पांढरा काय वाईट — असं म्हणाला होता तो, म्हणालाच होता. सकाळी गवताच्या गंजीवर उगवलेल्या अळंबीच्या टोपीखाली गुलाबी चाक आलं आणि परतीच्या वाटेवर झाडाखाली सापडलेलीच्या टोपीखाली काहीच नाही. कोवळी असेल, भुकटी सोडली नसेल, असं म्हणून दोन्हीकडच्या त्यानं एकाच तव्यात लोटल्या. आणि जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हा माणूस गिऱ्हाइकांना काय ऐकवायचा? साहेब, पांढऱ्यावर पांढरं अक्षर फक्त देवाला वाचता येतं.

त्यानं पोटाकडे कान दिला. पोट गप्प. पण त्यात होतं तरी काय... जेवताना तो बोलत होता — छत्रीएवढ्या अळंबीखाली पाऊस टळेपर्यंत उभ्या राहिलेल्या दोन पोलिसांची गोष्ट, ज्यात मागच्या खेपेला एकच पोलीस होता — आणि बोलणाऱ्याचं ताटात राहतंच. खाल्लं ते ऐकणाऱ्यांनी. बायकोनं पोटभर, मेहुण्यानं पुन्हा मागून.

धूळ असेल? पेल्याखाली धूळ कुठून येणार. सांगायचं, बस. सांगणं हा तर आपला हातखंडा. पण सुरुवात म्हणून जे जे वाक्य जिभेवर आलं ते कुठल्या ना कुठल्या थापेतलं, वापरून गुळगुळीत झालेलं निघालं.

"दाजी, भांडी घासताय की गोष्ट रचताय?"

तो कागद तळहातावर सपाट धरून बाहेर आला, काठोकाठ भरलेली बशी आणावी तसा.

"आपण खाल्ल्या त्यांत काही विषारी होत्या. दवाखान्यात जायला हवं. आत्ता."

मेहुणा खुर्चीत मागे रेलला. बंद पडलेल्या लिफ्टमधून लोकांना सोडवणं हा त्याचा धंदा; दुसऱ्याच्या घाबरण्याची त्याला सवय होती. "आधी डोळे फिरवा. मग मी पळतो अनवाणी. ताई, चपला लपव माझ्या."

गेल्या वर्षी याच टेबलाशी, असंच जेवण झाल्यावर, तो डोळे फिरवून खुर्चीवरून घसरला होता, आणि मेहुणा अनवाणी पळत गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा हाच उठून त्यांना म्हणाला होता, या, जेवायलाच बसा. वर्षभर पुरला तो किस्सा. डॉक्टर तेवढे हसले नव्हते.

बायको टेबलक्लॉथची घडी घालत होती. "अहो, काळा कागद?"

"संपला होता."

ती थांबली. हे थांबणं त्याच्या ओळखीचं होतं — आता हा दुसरा पोलीस आणणार, याची वाट पाहणं.

"मग?"

"मग काही नाही. पांढऱ्यावर ठेवली."

दुसरा पोलीस आला नाही. तिची घडी अर्धीच राहिली. तिनं कागद घेतला, उजेडाकडे तिरपा केला, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलताना तो बघत राहिला. आयुष्यभर त्याला एवढंच हवं होतं, आपली एक तरी गोष्ट कुणीतरी तळापर्यंत खरी मानावी, आणि आता... म्हण ना, पुरे करा, थापाडे कुठले, असं म्हण... तिनं स्वयंपाकघरातून टोपी आणली. एका रिकाम्या डब्यात घातली, झाकण लावलं. "डॉक्टरांना दाखवायला लागेल," म्हणाली आणि पर्स शोधायला आत गेली.

मेहुणा अजून रेललेलाच, ओठांना लोणी, डोळ्यांत हसू. "आज ताईलाही सामील केलंत. रंगतंय. हं, मग पुढं?"

पुढचं त्याच्याकडे नेहमी असायचं, मागितल्याहून जास्तच. त्यानं तोंड उघडलं — आणि जिथं पुढचं असायचं तिथं नुसता पांढरा कागद होता. कोरा आहे की नाही ते इथून, या उजेडात, काही केल्या दिसत नव्हतं.