हलतं वजन

गोरक्षनं कांद्याची शेवटची गोणी लोखंडी स्टँडवर टाकली आणि वाकून स्टँडचे चारही पाय पाहिले. एकही वाकला नव्हता.

"सात क्विंटल झालं," वेल्डर भगवंत म्हणाला. "तुझ्या दोन्ही टाक्या पाण्यासकट एवढ्या भरायच्या न्हाईत. आता तरी घेऊन जा, राव."

गोरक्षचा पाय निघेना. आळेफाट्यावर त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. मागच्या महिन्यात पहिला स्टँड कलला, मोठी टाकी फुटली आणि मासे फरशीवर तडफडून मेले. दुधानं तोंड पोळलं होतं, आता तो ताकही फुंकून पीत होता. गावी, बोरीला, वडील सोमाजी एवढंच म्हणाले होते, "अजून एकदा बघ. न्हाई जमलं तर मेंढरं हायेतच." त्यात राग नव्हता, म्हणून ते गोरक्षला जास्तच लागलं. त्याला मेंढरांमागं जायचं नव्हतं. आणखी एक टाकी फुटली, तर जावंच लागणार होतं.

तेवढ्यात भगवंतच्या वर्कशॉपच्या दारात एक पिकअप थांबली. मागं मेंढरं होती. पुढून सोमाजी गुडघा धरत उतरले. कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायला निघाले असतील, असं गोरक्षला वाटलं. दुकान काढल्यापासून ते इकडं फिरकले नव्हते.

त्यांनी स्टँडभोवती चक्कर मारली, गोणीवर हात ठेवला.

"कांदा ठेवला तिथं बसतो. पाणी बसतं का?"

भगवंत हसला. "आबा, पाणी काय उड्या मारतंय व्हय?"

"दुकान हाये. माणसं येत्यात, टेकत्यात, धक्का लागतो."

त्यांनी वरच्या गोण्या उतरवायला लावल्या, प्लायवूड टाकलं आणि चार मेंढरं उचलून वर चढवली. मेंढरं बावरून एकमेकांना रेटू लागली. स्टँड कुरकुरला आणि अख्खा डावीकडं झुलला. भगवंतचं हसू मावळलं. गोरक्षनं पुढं होऊन स्टँड धरला. आबांना नेमकं हेच दाखवायचं होतं, असंही त्याला वाटून गेलं.

भगवंतनं तिरप्या पट्ट्या कापल्या आणि पाठीला व दोन्ही बाजूंना फुलीसारख्या वेल्ड केल्या. लोखंड निवल्यावर मेंढरं पुन्हा वर चढली. या वेळी स्टँड जागचा हलला नाही. सोमाजींनी स्वतः खांदा लावून जोर केला. गोरक्ष स्टँडकडं पाहायचं सोडून त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला.

"आता न्हाई हलत," ते म्हणाले.

मेंढरं पिकअपमध्ये परत चढवताना गोरक्षनं विचारलं, "कुणाच्या रानात बसवताय?"

"उद्या चाकणचा बाजार हाये." सोमाजींनी मागचा फाळका लावला. "ही शेवटची. बाकीची मागच्याच बाजारी गेली."

गोरक्षला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला रडू येत होतं. त्यानं उगाच फाळक्याची कडी एकदा ओढून पाहिली.

सोमाजी पुढं बसले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"माशांना दिसातनं किती येळा खायला घालायचं?"

"दोनदा."

"मग सकाळचं मी घालीत जाईन."